शिवण घरची, वस्त्र परके : स्लाव्ह भाषांतील वस्त्रनामांची जडणघडण

मित्रहो,

रशियन भाषेत कपड्यांना सर्वसाधारणपणे 'ओदेझ्दा' म्हणतात. हा शब्द आपल्या कानाला अगदी अनोळखी वाटतो, पण त्याची फोड केली की आत फार परिचयाचा धातू सापडतो. आरंभीच्या 'ओ'चा अर्थ 'भोवती' असा आहे आणि पुढचा भाग 'ठेवणे' या अर्थाच्या ज्या मूळ धातूपासून आला, त्याचेच संस्कृत रूप 'धा' आहे. 'दधाति' या रूपात धातूच्या आधी त्याचेच पहिले अक्षर पुन्हा येते. तसेच द्वित्व प्राचीन चर्च स्लाव्ह, म्हणजे स्लाव्ह लोकांच्या जुन्या ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या, भाषेतल्या 'देझ्दों' या क्रियारूपात आहे आणि 'ओदेझ्दा' या नामात ते गोठून राहिले आहे. म्हणजे 'परि' आणि 'धा' मिळून झालेले आपले 'परिधान' आणि रशियन 'ओदेझ्दा' हे दोन शब्द एकाच रीतीने घडले आहेत. ते कोणी कोणाकडून घेतलेले नाहीत. एकाच भाषाकुळाच्या दोन शाखांनी वडिलोपार्जित धातूतून आपापल्या घरी ते तयार केले.

आजच्या व्याख्यानात मला जे सांगायचे आहे ते या उदाहरणाच्या आधाराने आधीच सांगून टाकतो. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन अशा स्लाव्ह भाषांतील कपड्यांच्या शब्दांकडे पाहिले तर त्यांचे दोन थर स्पष्ट दिसतात. कातणे, पीळ देणे, विणणे, कापणे, शिवणे, अंगावर चढवणे ही कामे सांगणारे शब्द बहुतांशी स्लाव्ह लोकांचे स्वतःचे आहेत आणि फार जुने आहेत. तयार होऊन अंगावर येणाऱ्या कपड्यांची नावे मात्र मोठ्या प्रमाणावर बाहेरून आलेली आहेत. मराठी माणसाला या दोन्ही थरांत ओळखीचे शब्द भेटतात, पण त्या ओळखीची कारणे वेगवेगळी आहेत. पहिल्या थरातली ओळख भाषाकुळाची आहे, दुसऱ्या थरातली दरबाराची आणि बाजाराची. या दोहोंची गल्लत झाली की व्युत्पत्तीचा सगळा विचार बिघडतो, म्हणून एवढे प्रास्ताविक.

पहिल्या थरापासून सुरुवात करू. 'शिवणे' हे आपले क्रियापद संस्कृत 'सीव्यति'पर्यंत जाते आणि त्याचे स्लाव्ह भावंड 'शिती' हे आहे. शिवणाऱ्याला रशियनमध्ये 'श्व्हेत्स' म्हणत आणि हा शब्द शिंप्यासाठी असे; पोलिशमध्ये 'शेव्हत्स' आणि युक्रेनियनमध्ये 'श्व्हेत्स' म्हणजे मात्र चांभार. सुई कापडात चालते की चामड्यात, याचा निर्णय प्रत्येक भाषेने आपापल्या परीने केला. युक्रेनचे राष्ट्रकवी तारास शेव्हचेन्को यांच्या आडनावात हाच चांभार आहे.

रशियनमध्ये शिंप्याला आज 'पोर्त्नोय' म्हणतात. व्याकरणदृष्ट्या हे विशेषण आहे, आणि विशेषणाने एका व्यवसायाचे नाव व्हावे हे थोडे चमत्कारिक वाटते. जुने पूर्ण नाव 'पोर्त्नोय श्व्हेत्स', म्हणजे 'पोर्त शिवणारा' असे होते. पुढे 'शिवणारा' गळून पडला आणि विशेषण एकटे उरले. 'पोर्त' म्हणजे कापडाचा तुकडा. त्याचा संबंध उसवणे, चिरणे या अर्थाच्या 'पोरोत' या क्रियापदाशी आहे, म्हणजे चिरून वेगळे केलेले ते पोर्त. त्यावरून 'पोर्ती' आणि 'पोर्त्की' म्हणजे विजार आणि 'पोर्त्यांका' म्हणजे बुटाच्या आत पायाला गुंडाळायची पट्टी. रशियन सैनिकांनी ती विसावे शतक उलटून गेल्यावरही वापरली. सदऱ्याला 'रुबाखा' किंवा 'रुबाश्का' म्हणतात. त्यातला 'रूब' म्हणजे कापडाचा काठ किंवा तुकडा आणि त्याच्या मागे 'रुबित', तोडणे, हे क्रियापद आहे. 'रुबल' हे नाण्याचे नावही याच क्रियापदावरून आले असे बहुतेक अभ्यासक मानतात, कारण आरंभीचा रुबल म्हणजे तोडून घेतलेला चांदीचा तुकडा होता. आपल्या 'रुपया'शी त्याचे नाते लावण्याचा मोह अनेकांना होतो. पण रुपया 'रूप्य' या शब्दावरून आला आहे आणि या दोघांत ध्वनिसाम्याखेरीज काहीही समान नाही.

लोकरीच्या जाड कापडाला 'सुक्नो' म्हणतात आणि 'सुकाती' म्हणजे पीळ देणे. पिळाच्या सुताचे ते सुक्नो. पोलंडमधल्या क्राकूव्ह शहराच्या मुख्य चौकात 'सुक्येन्नित्से' ही प्रचंड लांबीची इमारत आहे. तिचे नाव म्हणजे कापडबाजार, आणि १५५५ च्या आगीनंतर तिची आजची रचना उभी राहिली. याच सुक्नोवरून पोलिशमध्ये 'सुक्न्या' म्हणजे स्त्रियांचा लांब झगा, तर चेक आणि सर्बियन भाषांत त्याच घडणीचा शब्द कमरेखालच्या घागऱ्याला लावतात.

पायात घालण्यासाठी स्लाव्ह भाषांत स्वतंत्र क्रियापद आहे, हे मला विशेष मोलाचे वाटते. अंगावर घालणे वेगळे आणि पायात घालणे, म्हणजे 'ओबूत', वेगळे; पायातले काढायचे तर 'राझूत'. लिथुआनियन आणि लॅटिन भाषांत हाच धातू आहे, अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातही पादत्राणासाठी त्याचेच रूप येते. मराठी माणसाला असा भेद चटकन कळावा, कारण आपणही लुगडे नेसतो, सदरा घालतो, शाल पांघरतो आणि फेटा बांधतो. एकाच क्रियापदावर सगळ्यांची बोळवण आपण करत नाही. वहाणेसाठी मात्र आपल्या पूर्वजांनी वेगळी वाट धरली. 'वहाण' हा शब्द 'उपानह्'वरून आला आणि त्यातल्या 'नह्'चा अर्थ बांधणे असा आहे.

चामड्याची गोष्ट याहून रंजक आहे. प्राचीन स्लाव्ह भाषेत कातड्याला 'अझ्नो' असा एक शब्द होता. हा आपल्या 'अजिन' या शब्दाचा सख्खा भाऊ. 'मृगाजिन', 'कृष्णाजिन' या शब्दांत तो आपल्याला भेटतो. 'अज' म्हणजे बोकड आणि त्याचे कातडे ते अजिन. पुढे बोकडाचा विसर पडला आणि हरणाच्या कातड्यालाही अजिन म्हणू लागले. स्लाव्ह भाषांत 'अझ्नो' मागे पडले आणि त्याच्या जागी 'कोझा' हा शब्द आला. हा शब्द कुठून आला? 'कोझा' या शब्दाने त्या भाषांत बकरीही ओळखली जाते. कातड्याचा 'कोझा' हे त्या नावापासून झालेले, उच्चारात किंचित वेगळे असे जुने विशेषण, म्हणजे 'बकरीचे'. एकदा झालेला अर्थाचा प्रवास काही शतकांनी दुसऱ्या शब्दाच्या रूपाने जसाच्या तसा पुन्हा झाला. या 'कोझा'वरून केसाळ कातड्याच्या अंगरख्याला 'कोझूख' म्हणू लागले, आणि आजच्या रशियन कारखान्यात यंत्रावरच्या धातूच्या आवरणालाही 'कोझूख'च म्हणतात.

कापडाचा आणि पैशाचा संबंध स्लाव्ह भाषांइतका उघडपणे क्वचितच कुठे दिसतो. 'प्लात' म्हणजे कापडाचा तुकडा. त्यावरून 'प्लातोक' म्हणजे रुमाल आणि 'प्लात्ये' म्हणजे स्त्रियांचा पोशाख. 'प्लातित' म्हणजे पैसे चुकते करणे. चेक, पोलिश, क्रोएशियन, सगळ्या भाषांत पगाराचे आणि देण्याचे शब्द याच मुळाचे आहेत. हे नाते कल्पनेचे नाही, त्याला प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची साक्ष आहे. सुमारे ९६५ मध्ये इब्राहीम इब्न याकूब हा मुस्लिम स्पेनमधला ज्यू प्रवासी प्राग शहरी गेला होता. त्याने लिहून ठेवले आहे की, तिथले लोक जाळीसारखे विरळ विणलेले छोटे पातळ रुमाल तयार करतात. त्यांचा वापरायला काही उपयोग नसतो, पण त्यांचे मोल ठरलेले असते. लोक ते भांडी भरभरून साठवतात आणि त्यांच्या बदल्यात धान्य, घोडे, सोने, चांदी विकत घेतात. पुढे बाराव्या शतकात हेल्मोल्ड या जर्मन धर्मोपदेशकाने बाल्टिक समुद्रातल्या र्‍यूगेन बेटावरच्या स्लाव्ह लोकांबद्दल लिहिले की, त्यांच्याकडे नाणी नाहीत आणि बाजारात जे घ्यायचे ते लिननच्या कापडाने घेतात. ज्या रुमालाने नाकही पुसता येऊ नये अशा विरळ रुमालाला घोड्याची किंमत होती, आणि ती किंमत आजही 'प्लातित' या क्रियापदात टिकून आहे.

घरचे शब्द आणि बाहेरचे शब्द शेजारी शेजारी कसे नांदत, हे पाहायचे तर रशियातल्या नोव्हगोरोद शहराच्या मातीत जावे लागते. तिथल्या उत्खननात १९५१ पासून भूर्जवृक्षाच्या सालीवर कोरून लिहिलेली पत्रे सापडत आली आहेत. त्यांची संख्या आता हजाराच्या वर गेली आहे. राजेरजवाड्यांची भाषा त्यांत नाही, देणे-घेणे, भांडणे, निरोप असे साध्या माणसांचे व्यवहार आहेत. चौदाव्या शतकातले १३० क्रमांकाचे पत्र म्हणजे एक निव्वळ यादी आहे : अमक्याकडे इतके हात 'खेर', तमक्याकडे इतके हात 'व्होद्मोल'. मोजमापाचा शब्द तिथे 'कोपर' या अर्थाचा आहे, आपल्या जुन्या कापडबाजारातल्या 'हाता'सारखा. 'व्होद्मोल' हा स्कँडिनेव्हियन व्यापाऱ्यांचा शब्द असून त्याचा अर्थ जाडेभरडे लोकरी कापड. 'खेर' बराच काळ कोडे होते. रंग न दिलेले करडे कापड असा त्याचा अर्थ आता लावला जातो, आणि रशियनमधल्या करड्या रंगाच्या 'सेरी' या शब्दाचेच ते नोव्हगोरोदी बोलीतले जुने रूप होय. इतर स्लाव्ह भाषांत जिथे 'ख'चा 'स' किंवा 'श' झाला, तिथे या शहराच्या बोलीत तो बदल झालाच नव्हता, ही भाषाशास्त्रातली फार मोठी गोष्ट उधारीच्या या यादीतही दिसून येते.

आता दुसऱ्या थराकडे वळू. रशियन माणसाच्या कमरेखालच्या एकाच वस्त्राची नावे घेतली तरी सगळा इतिहास समोर येतो. 'पोर्ती' हे घरचे नाव आपण पाहिले. त्यानंतर 'श्तानी' आले. ते तुर्की भाषाकुळातून, बहुतेक 'आत घालायचे वस्त्र' या अर्थाच्या शब्दापासून. 'शारोवारी' हे ढगळ विजारीचे नाव मुळात इराणी आहे आणि आपली 'सलवार' त्याच शब्दाची लेक आहे. शेवटी 'ब्र्यूकी' आले, तेही समुद्रमार्गे डच भाषेतून, पीटर द ग्रेटच्या काळात. या राजाने १७०० च्या जानेवारीत दरबारी मंडळींनी आणि शहरवासीयांनी हंगेरियन पद्धतीचा पोशाख करावा असे फर्मान काढले, पाठोपाठ जर्मन पोशाखाचे आले, आणि नव्या कपड्यांबरोबर त्यांची नावेही आली. गळ्याभोवतीच्या टायला रशियन लोक 'गाल्स्तुक' म्हणतात. जर्मनमध्ये त्याचा अर्थ नुसता 'गळ्याचे कापड' असा आहे.

अरबी 'जुब्बा'चा प्रवास तर दोन्ही दिशांनी झाला. पूर्वेकडे तो फारसीबरोबर आपल्यापर्यंत आला. पश्चिमेकडे तो इटालियन भाषेत शिरला, तिथून जर्मन आणि पोलिश मार्गे रशियात पोहोचला, आणि तिथे त्याची दोन अगदी वेगळी वस्त्रे झाली : थंडीतला केसाळ 'शूबा' आणि स्त्रियांचा घागरा, 'युब्का'. बाल्कनमधल्या सर्बियन आणि बल्गेरियन भाषांवर उस्मानी सत्तेचा दीर्घ प्रभाव पडल्यामुळे तिथे तुर्की-फारसी नावांची दाटी आहे. सर्बियनमधली 'केसा' म्हणजे पिशवी आणि आपला 'खिसा' हे दोन्ही फारसी 'कीसा'चे वंशज. सपाता म्हणजे 'पापुचे' : मूळ फारसी 'पापोश', पाय झाकणारे. आपण त्याचा 'पायपोस' केला, त्यात आपला 'पाय' घातला आणि 'कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही' असे म्हणत तो इतका आपलासा केला की तो परका आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते दरबारी मानाच्या वस्त्रांचे दोन शब्द. पहिला 'खालात'. अरबीत 'खिलत' या शब्दाच्या मुळाशी 'अंगावरून उतरवणे' हा अर्थ आहे. राजाने स्वतःच्या अंगावरचे वस्त्र उतरवून सेवकाला द्यायचे, ती खिलत. मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला हा शब्द नवा नाही. १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारात इतरांना खिलत देण्यात आली आणि शिवाजी महाराजांना देण्यात आली नाही, ही त्यांच्या संतापाची एक ठिणगी होती, असे त्या वेळच्या राजस्थानी पत्रांत नोंदलेले आहे. हाच शब्द तुर्कांमार्फत रशियात गेला आणि पूर्वेकडच्या सैल लांब अंगरख्याचे नाव झाला. पुढे जमीनदार मंडळी तो घरात घालून आरामात बसू लागली. मानाचे वस्त्र घरातल्या आळसाचे वस्त्र झाले, आणि त्यावरून 'खालात्नी' म्हणजे निष्काळजी, ढिला, असे विशेषण तयार झाले. रशियाच्या १९९६ च्या दंडसंहितेतले २९३ वे कलम 'खालात्नोस्त' या गुन्ह्याचे आहे : अधिकाऱ्याने कर्तव्यात केलेली हयगय. त्याच भाषेत डॉक्टरच्या पांढऱ्या कोटालाही 'खालात'च म्हणतात.

दुसरा शब्द 'साराफान'. बिनबाह्यांचा, खांद्यापासून पायघोळ असा हा स्त्रियांचा पोशाख आज रशियन लोकवेषाची खूण मानला जातो. पण नाव फारसी आहे : 'सरापा', डोक्यापासून पायापर्यंत. तेही मानाचे वस्त्र, आणि रशियात तो आरंभी पुरुषांचा अंगरखा होता. आपल्याकडे त्याच फारसी प्रयोगाचा 'शिरपाव' झाला. आपण 'शिर' आणि 'पाव' हे दोन्ही अवयव त्यात स्पष्ट ऐकतो, आणि अर्थ मानाच्या बक्षिसावर स्थिरावला. रशियात मान गेला आणि वस्त्र उरले. मराठीत वस्त्र गेले आणि मान उरला.

हे शब्द दोन टोकांना वेगवेगळे पोहोचले, पण एक रशियन माणूस प्रत्यक्ष कोकणात येऊनही गेला. त्व्हेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन १४७० च्या सुमारास चौल बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला गेला. चौलच्या लोकांचा पोशाख त्याने बारकाईने टिपला आहे : राजाच्या डोक्याला एक 'फोता' आणि कमरेला दुसरा, सरदारांच्या खांद्यावर एक आणि कमरेला एक. धोतर, उपरणे, डोक्याचे पागोटे, सगळ्यांना त्याने हा एकच शब्द वापरला. फोता हा पूर्वेकडच्या व्यापारातला अरबी-फारसी शब्द, अखंड कापडाचा. मला यामागचे कारण उघड वाटते. त्याच्या घरच्या भाषेतली कपड्यांची नावे, पोर्ती काय किंवा रुबाखा काय, कापण्यावर आणि शिवण्यावर उभी होती, आणि चौलला त्याच्या समोर होते ते कात्री न लागलेले कापड. 'प्लात' हा घरचा शब्द हाताशी होता, तरी व्यापारी म्हणून त्याच्या तोंडी बाजारातला शब्द आला. आपल्या 'फेट्या'शी या शब्दाचा आवाज जुळतो, पण तेवढ्या आधारावर नाते सांगणे मला मान्य नाही. फोता पुढे रशियनमध्ये 'फाता' या रूपात टिकला आणि आज त्याचा अर्थ नवरीच्या डोक्यावरचा पातळ पदर असा आहे.

स्लाव्ह भाषांनी फक्त घेतले, दिले काहीच नाही, असे मात्र नाही. सतराव्या शतकातल्या युरोपीय युद्धांत क्रोएशियन भाडोत्री सैनिक गळ्याभोवती एक कापड बांधत. क्रोएशियन माणूस स्वतःला 'ह्र्वात' म्हणतो. फ्रेंचांनी त्याचे 'क्राव्हात' केले आणि ते त्या कापडाचे नाव ठरले. तयार झालेला हा फ्रेंच शब्द पोलिशमध्ये गेला, सर्बियनमध्ये गेला, आणि खुद्द क्रोएशियनमध्येही 'क्राव्हाता' म्हणून परत आला.

परक्या वस्त्राला घरचे व्याकरण कसे चढते, हे सांगून थांबतो. रशियनमध्ये विजारीची सगळी नावे, पोर्ती, श्तानी, शारोवारी, ब्र्यूकी, अनेकवचनातच चालतात. विसाव्या शतकात इंग्रजी 'जीन्स' आली, जिच्या अंगावर इंग्रजीचा अनेकवचनी 'स' आधीच होता. रशियनने तो तसाच ठेवून वर आपला प्रत्यय लावला आणि 'जीन्सी' केले. फ्रेंचमधून आलेले 'पाल्तो', म्हणजे ओव्हरकोट, मात्र प्रमाण रशियनमध्ये आजही कोणतीच विभक्ती घेत नाही. शेजारच्या युक्रेनियनमध्ये तोच 'पाल्तो' घरच्या नामासारखा सर्रास चालवला जातो.